ह्यो कुणाचा?

युद्धाचं कॉमिक वाचण्याची आमची एक ठरलेली बैठक असे. भूगोलाचं पुस्तक उघडायचं, खरिपाच्या पिकांवर कॉमिक ठेवायचं आणि चेहऱ्यावर ज्वारी-बाजरीची काळजी आणायची. 'कमांडो'चा आकार याच कामासाठी बेतला असावा असं मला तेव्हा वाटे. खिशात मावायचं नाही, पण भूगोलात अगदी मापात बसायचं. परवा मात्र भाच्याने एक ग्राफिक नॉव्हेल हातात दिलं. चांगलं वजनदार, गुळगुळीत कागदाचं, देव्हाऱ्याशेजारी ठेवलं तरी शोभेल असं. सवयीने ते मांडीवर घेतलं आणि लक्षात आलं, की आता भूगोलाचंच पुस्तक याच्या आत लपवावं लागेल. शिवाय लपवायचं कोणापासून? रागावणारी माणसं एकेक करून भिंतीवर गेली, हार घालून बसली.

'कमांडो' निघतं स्कॉटलंडमधल्या डंडी या गावात, १९६१पासून. हे गाव म्हणे तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं: ताग, मुरंबा आणि पत्रकारिता. ताग आपल्या बंगालचा जायचा. म्हणजे आमच्याकडून पोती गेली आणि त्यांच्याकडून दुसरं महायुद्ध आलं, तेही त्रेसष्ट पानी. सौदा वाईट नव्हता. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ते दिवसाच्या भाड्याने मिळे. तिथे वेताळाची इंद्रजाल कॉमिक्सही असत, पण ती मराठीत असल्यामुळे समजायची, आणि समजणाऱ्या गोष्टीला त्या वयात फारसा मान नव्हता. कमांडो इंग्रजी. त्यातून मला इंग्रजीऐवजी जर्मनच जास्त आलं. 'आख्टुंग', 'श्नेल', 'हिमेल' एवढ्या शिदोरीवर मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला बहुभाषक समजत होतो. वाचनालयातल्या प्रतींची शेवटची दोन पानं हमखास गळलेली असत. त्यामुळे लढाई कोण जिंकलं हे कधी कळत नसे. जर्मनी हरली ही बातमी मला आठवीत, इतिहासाच्या तासाला मिळाली, आणि खरं सांगतो, किंचित धक्का बसला.

त्या जगात मरण फार सुटसुटीत होतं. एक 'आऽऽर्ग' व्हायचा, हेल्मेट एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, आणि पुढच्या चौकटीत सार्जंट चहा पीत असायचा. पावसाळ्यात दिव्याभोवतीचे किडे सकाळी केरसुणीने गोळा करावेत तसे ते जर्मन पान उलटताना गोळा होऊन जात. मला त्यात काही खटकलं नाही. खटकलं ते आजीला. तिला मराठीचं अक्षरही वाचता येत नव्हतं, इंग्रजीचं तर सोडाच. पण चित्रं ती बारकाईने पाही, तांदूळ निवडल्यासारखी. एकदा माझ्या खांद्यावरून वाकून तिने कोपऱ्यातल्या एका पडलेल्या शिपायावर बोट ठेवलं.

"ह्यो कुणाचा रं?"

"आजी, तो जर्मन आहे."

"आसंल. पर कुणाचा?"

मी म्हणालो, कुणाचा नाही, नुसता जर्मन आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच तो गोळीबार केला होता. मग चुलीकडे गेली.

तिचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे अनोळखी पोराला नाव कोणी विचारत नाही, "तू कुणाचा?" असंच विचारतात, आणि उत्तर देईपर्यंत हातावर शेंगदाणे ठेवलेले असतात. त्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. गावाच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं, आडनाव लागावं तसं. त्या ४६ जणांचं कॉमिक कोणी काढलं नाही. डंडीत नाही आणि आपल्याकडेही नाही. पण तिकडच्या बायकांना पडलेला शिपाई दिसला की पहिला प्रश्न कोणता सुचतो, हे मला आजीमुळे माहीत झालं.

तर भाच्याने आणलेलं ते ग्राफिक नॉव्हेल म्हणजे 'जॉनी रेड'. मूळ चित्रकथा ब्रिटनच्या 'बॅटल' साप्ताहिकात १९७७च्या जानेवारीत सुरू झाली; टॉम टलीची गोष्ट आणि जो कोल्हून यांची चित्रं. लिव्हरपूलचा एक तापट पोरगा हवाईदलातून हाकलला जातो आणि एका मालवाहू जहाजावरून हरिकेन विमान घेऊन उडतो. ही जहाजं खरोखरच होती. गलोलीतून दगड सुटावा तसं, रॉकेटच्या धक्क्याने विमान आकाशात फेकायचं. उतरण्याची सोय मात्र कुठेच नाही! काम झालं की वैमानिकाने समुद्रात उडी टाकायची आणि कोणी उचलेल अशी आशा धरायची. इतक्या गंभीर चेहऱ्याने इतकी वेडगळ योजना आखणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो; आमच्या लग्नघरांतही असंच नियोजन असतं. आमचा जॉनी मात्र समुद्रात न पडता रशियाला पोचतो आणि तिथल्या फाटक्या, उपाशी वैमानिकांच्या तुकडीत सामील होतो.

गार्थ एनिसने ही गोष्ट उत्तर आयर्लंडमध्ये लहानपणी वाचली आणि मोठेपणी, २०१५ साली, पुन्हा लिहायला घेतली. चित्रं कीथ बर्न्सची, ज्यांचा हात मुळात विमानं रंगवण्यात बसलेला. लहानपणीच्या गोष्टीकडे परत जाणं मला त्या जहाजावरच्या उड्डाणासारखंच वाटतं. निघता झोकात येतं. उतरायची जागा मागे राहिलेली नसते. एनिसने त्यावर एक तोडगा काढला आहे. त्याच्या पुस्तकात आजच्या काळातला एक श्रीमंत अमेरिकी माणूस जॉनीचं मोडकं हरिकेन मिळवतो आणि त्याची हकिगत ऐकायला रशियात जातो. तिथे त्या तुकडीतला एक म्हातारा त्याला सगळं सांगू लागतो. जुनं विमान दुरुस्त करणाऱ्या माणसाची गोष्ट, जुनं कॉमिक दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगितलेली. हे वाचून मी स्वतःशीच हसलो. आमच्याकडे घड्याळजी असं करायचे. आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला दिलं की घड्याळापेक्षा आजोबांचीच चौकशी जास्त.

या वाटेने याआधीही एक जण गेला होता. १९६५मध्ये रॉबर्ट कॅनिघर आणि जो क्युबर्ट यांनी अमेरिकन मुलांना चक्क एक जर्मन नायक दिला: पहिल्या महायुद्धातला वैमानिक हान्स फॉन हॅमर. शत्रूची विमानं पाडून तो जंगलात एकटा फिरे, आणि त्याला सोबत करणारा एकच जण, एक काळा लांडगा. पुढे १९९०मध्ये जॉर्ज प्रॅटने त्याच माणसाला 'वॉर आयडिल'मध्ये पुन्हा रंगवलं. तिथे तो म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला आहे, आणि व्हिएतनामहून परतलेला एक तरुण पत्रकार उशाशी बसला आहे. दोघं बोलतात. मला ते बोलणं वाचताना सारखं वाटत होतं, की खोलीत तिसरी एक खुर्ची आहे आणि तिच्यावर नऊवारीतलं कोणीतरी तांदूळ निवडत बसलंय. आजीचा प्रश्न शेवटी अमेरिकेत पोचला होता. बोटीने गेला असणार, इतका वेळ लागला.

नव्या पुस्तकांतले मेलेले लोक पटकन मरत नाहीत, एवढी एक तक्रार मी भाच्याकडे केली. पान उलटलं तरी ते जात नाहीत. तो म्हणाला, "मामा, यालाच मॅच्युअर म्हणतात." असेल. मला आपलं वाटत होतं, की जुन्यांना जे समजलं नाही ते नव्यांनी समजून घेतलं, आणि या समजुतीत एक प्रकारचं बरंही वाटत होतं.

म्हणून त्या रात्री माळ्यावरची ट्रंक काढली. त्यात एकच कमांडो उरलंय, वाचनालयाला परत न केलेलं. दंड आता व्याजासकट वाचनालयाच्या इमारतीएवढा झाला असेल, पण ती इमारतही राहिली नाही. शेवटची दोन पानं अर्थातच नाहीत. आजीने बोट ठेवलेली चौकट सापडली. टपालाच्या तिकिटाएवढा कोपरा, त्यात तो पालथा पडलेला. चष्मा काढून, कागद नाकाशी नेऊन पाहिलं. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे.

एवढ्याशा जागेत, शाईच्या एका केसाएवढ्या रेघेने, ती सुटलेली नाडी कोणीतरी मुद्दाम काढली होती. स्वस्त कागद, आठवड्याभरात रद्दीत जाणारी गोष्ट, पान भरभर उलटणारी पोरं. कोण बघणार होतं? मी चित्रकाराचं नाव शोधलं. पहिलं पान पाहिलं, मलपृष्ठ पाहिलं. नाही. तेव्हा कमांडोत चित्रकारांची नावं छापत नसत. तोही बिचारा कुणाचा, ते कळायला मार्ग नाही.

पुस्तक मिटेपर्यंत बराच वेळ त्या नाडीकडेच बघत बसलो. आजीच्या नजरेतून ती नक्कीच सुटली नसणार. आणखी थोडा वेळ ती वाकून उभी राहिली असती, तर त्या पालथ्या पोराला म्हणाली असती, "आरं, नाडी बांध आधी. पडशील."