नडगी, हूक आणि हद्द

आमच्या जीपला मागे हूक आहे. कुडाळच्या एका वेल्डरने चहा पिता पिता जोडून दिलेला. गंजू नये म्हणून त्यावर कापलेला टेनिसचा चेंडू बसवलाय. घरातल्या प्रत्येकाच्या नडगीवर या हुकाची खूण आहे. देवबागच्या वाळूत रुतलेल्या पुण्याच्या दोन गाड्या आणि चुलतभावाची होडी, एवढीच त्याची आजवरची सेवा. ओढताना आम्ही सुंभ वापरतो. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या नियमावलीप्रमाणे बंद गाडी ओढताना मध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नसे नि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर चालत नसे. (हे २४ म्हणजे बहुधा साहेबाचे १५ मैल.) आमच्याकडे अंतर सुंभ ठरवतो, वेग खड्डे.

गेल्या महिन्यात मावशीला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं होतं. इथे डॉक्टर “पुढे न्या” म्हणाले की पुढे म्हणजे बांबोळीच. बांदा मागे पडलं, हद्द ओलांडली आणि शिटी वाजली. साहेब पीयूसी, विमा सगळं बघून मागे गेले. चेंडू काढून त्यांनी हुकाकडे पाहिलं.

“हें कितें?”

“हूक.”

“कित्याक?”

“गाडी ओढूक.”

“खंयची गाडी?”

मागे गाडी नव्हती. ओढायला काही नसताना ओढायची सोय बाळगणं हा संशयास्पद प्रकार, हे मला तेव्हा कळलं. शिवाय आरसीत हूक नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिली तशी गाडी ठेवा. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने पुढचे बुलबार काढायला लावा म्हणून राज्यांना पत्र धाडलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना फेरफाराला दर फेरफारामागे ५ हजारांचा दंड आला. कायदा केंद्राचा, म्हणजे आमच्या मालवणातही तोच. फक्त बांद्यापर्यंत तो मागच्या सीटवर आडवा पडून येतो आणि एमएच-०७ ची पाटी हद्दीपलीकडे गेली की उठून बसतो.

पावती घेतली. मावशी आत बसून म्हणाली, “आमच्या पायाक लागलो तेवा खंय होतो ह्यो पोलीस?”

जर्मनीतल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, इकडेही निघणारा हूक नंबरप्लेट झाकत असेल तर काढूनच ठेवावा लागतो. म्हणजे आमचा नाका युरोपच्या तोडीचा! वेल्डरकडे गेलो. त्याने जोड कापला, नट-बोल्टवर हूक बसवून दिला आणि म्हणाला, या महिन्यातला हा चौथा.

आता बांद्याला गाडी थांबते. चहा येईस्तोवर मी रस्त्याकडेला उकिडवा बसून बोल्ट सोडवतो, हूक वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि डिकीत मावशीच्या डब्याशेजारी ठेवतो. परतताना तिथेच पुन्हा आवळतो. परवा तपासणीला निघालो तर ती पायरीवरूनच विचारत होती, “फाईल घेतलंस मां? नि पानो?”