चाळीस तबकड्यांचा संसार

घरात एलपी आहेत सगळ्या मिळून ४०. काही वडिलांच्या, काही चोरबाजारात घासाघीस करून आणलेल्या, आणि काही लोकांनी आपण होऊन आणून दिलेल्या, कारण त्यांना माळा रिकामा करायचा होता. गीतरामायणाच्या संचातली एक तबकडी शेजारच्या इमारतीत गेली ती गेलीच; रामाचा वनवास निदान चौदा वर्षांनी संपला होता. एवढ्या भांडवलावर मी लाखभराचं टर्नटेबल घेऊ पाहतोय हे कळल्यावर बायकोने किराण्याच्या पावतीमागे भागाकार मांडला. "अहो, म्हणजे एका तबकडीमागे अडीच हजार!"

भागाकार बरोबर होता, पण मला पटला नाही. हजार तबकड्या बाळगणाऱ्याकडे एकेकीची पाळी कधीतरी सणासुदीला येते. आमच्याकडे वसंतराव देशपांड्यांच्या 'कट्यार'ला दर आठवड्याला हजेरी द्यावी लागते. एलपीवरची खाच केसाएवढी बारीक. जुने पेटीवजा प्लेअर तिच्यावर चार-पाच ग्रॅमचा भार टाकतात. चांगला टोनआर्म दोन ग्रॅमच्या आसपास भागवतो. तेव्हा तबकड्या जितक्या कमी, तितकं यंत्र हलक्या हाताचं हवं, असा युक्तिवाद मी केला.

"मग नुसती पिन चांगली घ्या की."

हे तिने सहज म्हटलं, पण जाणकारही थोडंफार हेच सांगतात. मोटर, तबक, टोनआर्म यांचं महत्त्व आहेच, पण आहे त्या प्लेअरची झिजलेली पिन बदलली, तबकड्या नीट धुतल्या, तरी कानाला लगेच फरक कळतो. आणि यंत्र जितकं महाग, तितकं ते कमी कामं करतं, ही तर गंमतच. इंग्लंडच्या रेगा कंपनीचं प्लॅनर ३ घ्या. नाव मोठं, तबक काचेचं. पण ३३ वरून ४५ वर जायचं तर ती काच उचलून खालचा पट्टा हाताने सरकवायचा. बाजू संपली की आर्म आपोआप परत येत नाही, आपणच उठायचं. ७८ चा वेग तर त्यात नाहीच. म्हणजे आजीच्या लाखेच्या तबकड्या लाख रुपये मोजूनही मुक्याच राहणार. (त्यांना पिनही वेगळी, जाड लागते.) आमच्या जुन्या खटाऱ्यात तिन्ही वेग आहेत आणि आर्म आपल्या पायांनी घरी येतो.

शिवाय चांगलं यंत्र खोटं बोलत नाही. आमच्या तबकड्यांवरच्या ओरखड्यांची खरखर ते अगदी निष्ठेने ऐकवील. हे ऐकायला लाख रुपये?

तरी मन काही मानेना. मी किमतीची गोष्ट पुन्हा काढली तेव्हा बायकोने भागाकार केला नाही. एवढंच विचारलं, "ठेवणार कुठे?"

अशा यंत्राला तोलात असलेली, जराही न हादरणारी जागा लागते. दिवाणखान्यात नातू उडी मारतो तेव्हा शोकेसमधल्या बशासुद्धा वाजतात; पिन कशी तग धरणार? घरभर हिंडून, टेबलं हलवून पाहिली. अजिबात न हलणारी जागा एकच सापडली: स्वयंपाकाचा कडाप्प्याचा ओटा. आणि तिथे अजून दुसऱ्या मिक्सरलाही परवानगी मिळालेली नाही.