एसीत बसून नांगरट

काकाजींच्या धाकट्याला केबिनचा ट्रॅक्टर घ्यायचाय ही बातमी हिंगणीत सगळ्यांत आधी मला कळली. त्यांच्या आणि आमच्या आवारामध्ये फक्त पऱ्हाट्या-तुराट्यांचं कुंपण आहे, आणि तुराट्यांना काही आवाज अडत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून गावातल्या पोट्ट्यांना जेवण गोड लागत नाही. जो उठतो तो मोबाइलवर ट्रॅक्टर पाहतो. टोमणा मारायला जुनं खोड मागे का सरेल? नागपूरच्या हिंगण्यात महिंद्राचा कारखाना आहे, त्यावरून काकाजी कायम म्हणतात, "हिंगण्यात बनते अन् हिंगणीत फसते!"

मी तुरीच्या शेंगा सोलत कुंपणापाशी बसले होते. विचारलंच.

"काय वो काकाजी, ट्रॅक्टर घेऊन राहिले म्हणे?"

"मी कायले घेतो? थो घेऊन राहिला. म्हंते, एसीचाच पाहिजे. म्या म्हटलं, बाबू, तुह्या मायच्या सैपाकघरात पंखा नाही अन् वावरात एसी?"

आतून काकूंचा आवाज आला, "माह्या पंख्याचं नाव काढू नका. तो मी दहा वर्सांपासून मांगून राहिली, तेव्हा तुमाले वावर नाही आठोलं!"

पोट्टा ओट्यावरच होता. त्याची बाजू खोटी नाही, हे मी आधीच कबूल करते. मे महिन्यात वर्धेचा पारा ४५ च्या वर जातो. डोक्यावर ऊन, पायाखाली इंजिन आणि गिअरबॉक्सची आग, आणि उघड्या सीटवर बसलेला माणूस. म्हणून तर उन्हाळी नांगरट आमच्याकडे जेवणं झाल्यावर सुरू होते आणि उजाडायच्या सुमाराला आटोपते.

आता रात्र म्हटली की इथं वाघ आलाच. बोरचं जंगल आमच्या दाराशी. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. जाहीर झाला तेव्हा तो देशातला सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्प होता, जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. त्याची हद्द कागदावर कुठं संपते, हे वाघाला कोणी वाचून दाखवलेलं नाही. काकूंचा केबिनला पाठिंबा आहे तो एवढ्यासाठीच. "काच लावून, दार लावून बसन. मले झोप तरी लागन."

"अवो, ट्रॅक्टरच्या आवाजानं वाघ आधीच निंघून जाते," काकाजी म्हणाले. "वाघाचं भेव ट्रॅक्टरवाल्याले नाही, ओलितवाल्याले आहे."

हे मात्र शंभर टक्के खरं. रात्रीची लाइन असली की हरभऱ्याला पाणी द्यायला एकटा माणूस बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं जातो. वाकून दांड फोडतो. अंधारात वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटतच नाही, असं जंगलखात्याचे लोकही सांगतात. त्याला कोण केबिन देणार? पण हा विषय काढला की आमच्याकडे सगळे महावितरणवर घसरतात आणि ट्रॅक्टर बाजूलाच राहतो, म्हणून मी काढला नाही.

पोट्ट्यानं मग हुकमाचा पत्ता टाकला. "फवारणीचं काय? यवतमाळचं आठोते ना?"

२०१७ चा तो हंगाम विदर्भात कोण विसरेल! शेजारच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. हवा दमट. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, पाय उघडे. वरच्या पानांवर मारायचं म्हणजे नोझल तोंडाच्याही वर धरायचं, आणि तो फवारा आपल्याच अंगावर उतरणार. त्यात मजुरी पंपामागे. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त, आणि तितकं विषही जास्त.

"तर मग," पोट्टा म्हणाला, "केबिनमंदी बसून, काचा लावून, बूमनं फवारणी केली तर हे झालं असतं का?"

मी म्हटलं, "बेटा, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत तुहा ट्रॅक्टर शिरते का?"

शिरत नाही. ऑगस्टनंतर दोन तासांतल्या, म्हणजे ओळींतल्या, फांद्या एकमेकींत गुंततात. आत चाक घातलं की पात्या-बोंडं गळून खाली. झाड लहान आहे तोवर ट्रॅक्टरनं फवारा, पण अळी काही झाड लहान असतानाच येत नाही. संत्र्यात चालतो ट्रॅक्टरचा ब्लोअर, आमच्या वरच्या अंगाला कारंजा-आष्टीकडे. पण तिथं फांद्या खाली झुकलेल्या, केबिनचं डोकं फांदीत अडकतं. नाशिककडचे द्राक्षवाले तर मांडवाखालून ब्लोअर नेतात तो बुटका, अरुंद, उघडा ट्रॅक्टर घेऊनच. केबिनवाला तिथं मांडवच उचलून नेईल.

आणि एसी म्हणजे विषापासून बचाव, हा तर निव्वळ गैरसमज. युरोपात केबिनचे चार वर्ग पाडलेत. पहिल्या वर्गात बचाव काहीच नाही. दुसऱ्यात धूळ अडते. तिसऱ्यात धुळीबरोबर फवाऱ्याचे बारीक थेंब अडतात. चौथ्यातच औषधाची वाफ अडते, आणि त्यासाठी कोळशाचा फिल्टर लागतो, तोही वेळेवर बदलावा लागतो. नुसता थंड वारा फेकणारी केबिन औषधाचा वास थंड करून आत देते, एवढंच. शिवाय नोझल चोंदलं की ड्रायव्हर खाली उतरतो, हातानं साफ करतो, आणि तेच हात, तेच कपडे, तेच बूट घेऊन परत आत बसून काच लावतो. मग विष आतच फिरतं. काकाजींना हे पटलं. पोट्टा म्हणाला, कंपनीच्या पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, नाही लिहिलेलं तेच तर विचारायचं असते.

आवाजाचं मी पोट्ट्याच्या बाजूनं बोलले. उघड्या ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्याचे कान जातात. आमच्या गावातले जुने ट्रॅक्टरवाले एकमेकांशी बोलतात तेव्हा भांडण चाललंय असं वाटतं. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज आठ-आठ तास ऐकणं कानाला बरं नाही, असं जाणकार सांगतात. जुना ट्रॅक्टर हा आकडा सहज ओलांडतो. कंपनीची चांगली केबिन आवाज खूप कमी करते. बाहेरून वेल्डिंगवाल्याकडून ठोकून घेतलेली पत्र्याची केबिन मात्र उलट घुमते.

पण त्याच आवाजाची दुसरी बाजू मी सांगितली, कारण ट्रॅक्टरच्या मागे मी असते. पेरणीच्या वेळी ओल जास्त असली की पेरणी यंत्राच्या नळीच्या तोंडाला चिखल बसतो, बी खाली पडत नाही. पुढच्याला ते दिसत नाही. मागून मी ओरडते, "थांब, नळी चोंदली!" नाही ऐकलं तर अख्खं तास कोरं जातं आणि आठ दिवसांनी उगवण झाली की सगळ्या गावाला दिसतं. सोयाबीनच्या मळणीत तर याहून मोठं काम. थ्रेशरला ताकद देणारा शाफ्ट गरगर फिरत असतो, त्यावरचं झाकण कधीचं हरवलेलं असतं, आणि आम्ही बाया पदर खोचून पेंढ्या देत असतो. कोणाचा पदर, कोणाचा दुपट्टा त्यात गेला तर किंकाळीच ऐकू जायला पाहिजे. काच बंद, एसी सुरू, वर मोबाइलवर गाणं. कुटाराची धूळ त्याच्या नाकात जात नाही ते बरंच आहे, पण आमचा आवाज तरी जाऊ दे.

"मंग मी काच उघडी ठेवीन," पोट्टा म्हणाला.

"मंग एसी कायले घेऊन राहिला बे?" काकाजी.

इथवर थट्टा चालली होती. मग काकाजी उठून कुंपणापाशी आले आणि त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

आमच्याकडे ट्रॅक्टर घेतला की वर हूड लावून घेतात. चार पाइप, वर फायबरचं नाहीतर पत्र्याचं छत, त्यावर देवाचं किंवा लेकराचं नाव. सावली मिळते, पाऊस थोडा अडतो. लोकांना वाटतं, ट्रॅक्टर उलटला तर हूड आपल्याला वाचवील. काकाजी म्हणाले, "ते पाइप खाटेच्या पायासारखे दबते." ट्रॅक्टर अंगावर आला की हूड माणसासकट चेपतं.

काळ्या मातीत ट्रॅक्टर फसतो तेव्हा काय करतात ते त्यांनी हातवारे करून दाखवलं. मागचं चाक गाळात गेलं की चाकाच्या पुढे आडवं लाकूड घालतात, काही जण ते साखळीनं टायरलाच बांधतात. वर बसलेला क्लच सोडून रेस देतो. चाक लाकडावर अडून जागचं हलत नाही, तेव्हा इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचं धूडच चाकाच्या आसाभोवती फिरवते. नाक वर येतं आणि ट्रॅक्टर पाठीवर पडतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत दीड सेकंदात सगळं उलटून झालेलं असतं. ओढायची साखळी हुकाऐवजी वर, आसाच्या उंचीवर अडकवली तरी हेच होतं. धुऱ्यावरून आडवा चढताना, नाल्याच्या काठाला, भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर, अशीही ठिकाणं त्यांनी बोटांवर मोजली.

स्वीडननं १९५९ सालीच कायदा केला की नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यावर न चेपणारी चौकट हवीच. तिथं ट्रॅक्टरखाली चिरडून मरणारे पुढं अगदी कमी झाले. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीला सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे, पण गावातले बहुतेक ट्रॅक्टर अजून नुसत्या हुडावरच चाललेत.

"मंग केबिनच घ्या ना!" पोट्टा लगेच म्हणाला. "कंपनीच्या केबिनमंदी थे चौकट असतेच."

बरोबर आहे. कंपनीनं तपासून दिलेल्या केबिनच्या सांगाड्यातच ती चौकट असते. पण तीच चौकट उघड्या ट्रॅक्टरलाही मिळते. सीटच्या मागे जाड लोखंडी कमान, झाडाखाली जाताना दुमडता येणारी, आणि कमरेला पट्टा. काही कंपन्या देतात, काही मागितली तर देतात. पट्टा नाही बांधला तर कमान तशीच उभी राहते आणि माणूस बाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच येतो. आपल्याकडे पट्टा बांधून ट्रॅक्टर चालवणारा माणूस पाहिला तर लोक हसतील, हे काकूंचं म्हणणंही मला मान्य आहे. हसू द्या.

पैशांचं लवकर उरकते. कंपनीची एसी केबिन बहुतेक ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरलाच येते. त्या ताकदीच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागले, इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं, किमती चढल्या. गावातला मिस्त्री त्याला हात लावायला कचरतो. एसी इंजिनाचीच ताकद खातो. गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा राहणार, म्हणजे उंदीर वायरी कुरतडणारच. काच बाभळीच्या फांदीनं जाणार. काकाजींचं वावर नऊ एकर, तेही तीन तुकड्यांत.

"मी भाड्यानं चालवीन," पोट्टा म्हणाला. "रोटावेटर, नांगरटी, मळणी, सगळं."

तसं असेल तर केबिन वसूल होऊ शकते. हंगामात रोज दहा-बारा तास बसणाऱ्याच्या कानाला, छातीला, पाठीला तिची खरीच गरज आहे. पण मी त्याला एकच विचारलं, "तू सोता बसशीन का ड्रायव्हर ठेवशीन?"

"ड्रायव्हर ठेवीन."

"अन् त्याले एसी लावू देशीन?"

पोट्टा गप्प. मग खाली पाहून म्हणाला, "डिझेल खाते ना थे."

काकू आतून इतक्या हसल्या की मला हातातली शेंग सोलवेना. एसी बंद ठेवलेली काचेची केबिन मे महिन्यात उघड्या सीटपेक्षा जास्त तापते, हे त्याला मी सांगितलं नाही. ड्रायव्हर सांगेल.

सध्याचा निकाल असा: ५० च्या आतला उघडा ट्रॅक्टर, लोखंडी कमान आणि पट्ट्यासह. शाफ्टवर नवं झाकण, ते माझ्या सांगण्यावरून. फवारणीच्या मजुराला हातमोजे, मास्क आणि बूट काकाजींनी द्यायचे, आणि मजुरी पंपामागे नाही तर दिवसामागे. स्वैपाकघरात पंखा, ही अट काकूंनी शेवटी घुसवली आणि मंजूर करून घेतली.

तुमच्याकडेही कोणी शोरूमला निघालं असेल तर त्याला एवढं विचारायला सांगा: कमान तपासलेली आहे का, पट्टा आहे का, आणि केबिन घेणारच असाल तर फिल्टर धुळीचा आहे की औषधाचा. "हूड फुकट देतो ना दादा," असं उत्तर आलं तर दुसऱ्या शोरूमला जा.