शहाजीराजांचं लोखंड

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला एक जुनाट दुखणं असतं. त्याचं नाव शहाजीराजे. सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकलो, रिक्षावाल्याने कन्नडमध्ये झापलं, की आम्ही मनातल्या मनात म्हणतो, 'लेका, 1638 नंतर ही आमच्या राजांची जहागीर होती!' मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराला 1669 साली शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे, हे मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवतो. बायको हल्ली चहा लवकर आणते.

अशा माणसाने रविवारी चिकपेटेकडच्या जुन्या बाजारात जाऊ नये. मी गेलो.

गंजके नळ आणि मोडके पंखे यांच्या ढिगाखाली ते पडलं होतं. वर जाड कडी, तिच्याखाली लोखंडी चक्र, आणि चक्राला केळीच्या घडासारखे लोंबणारे आकडे. कारखान्यातला माल नव्हे हे मलाही कळलं. एक आकडा दुसऱ्यासारखा नव्हता, प्रत्येकावर हातोड्याचे चपटे घाव होते, आणि कडीची दोन टोकं तापवून जिथे ठोकून जोडली होती तिथे लोखंड जरा फुगलेलं होतं. कडी आतून एकाच बाजूला झिजून निम्मी झाली होती. विकणाऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, 'कब्बिण, सार.' म्हणजे लोखंड. ते तो किलोवर विकत होता. मी घासाघीसही केली नाही, कारण मला एव्हाना आकड्यांच्या मागे कोंढाण्याचा कडा दिसू लागला होता.

येताना आकडे रिक्षाच्या सीटमध्ये रुतले. रेक्झिन फाटलं. त्याचे पैसे लोखंडापेक्षा जास्त पडले.

घरी आल्यावर सिद्धान्त आपोआप तयार झाला. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्यातली घोरपडीची गोष्ट दंतकथा आहे असं इतिहासकार सांगतात. मग चढले कशावरून? मी भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या त्या लोखंडाकडे बोट दाखवत म्हणे, 'यावरून!' झिजलेली कडी हा माझा मुख्य पुरावा. मावळ्यांच्या वजनाने झिजली! आकड्यांची टोकं बोथट कशी, या प्रश्नाला माझं उत्तर होतं : गनिमांच्या तटावर आपटून.

पुढे मला पोलादाचा नाद लागला. दक्षिणेतलं वूट्झ पोलाद जगप्रसिद्ध. 1819 साली खुद्द मायकेल फॅरेडेने त्याचं पृथक्करण केलं. त्यावर आम्ल लावलं की लाटांची नक्षी उमटते, एवढं वाचून मी बाल्कनीत बसलो. आधी पॉलिश पेपरने घासलं, मग बाथरूम धुण्याचं अॅसिड ओतलं. नक्षी उमटली! हर्षभरित होऊन बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि ती पॉलिश पेपरचीच रेघोटी असल्याचं सांगितलं. बाल्कनीच्या फरशीवरची नक्षी मात्र अस्सल होती. ती अजून आहे.

तरीही मित्रमंडळींपुढे व्याख्यान झालंच. निवृत्त इंजिनियर असलेल्या एका स्नेह्यांनी तो जहाजाचा नांगर ठरवला. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच असलेल्या गावात जहाज कुठून आलं, यावर ते म्हणाले, 'तुमचा कोंढाणा आला तिथूनच.'

2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या कितीतरी बोअरवेल आटल्या, तेव्हा आमच्या सोसायटीने आवारातली बुजत आलेली विहीर मण्णु वड्डरांकडून उपसून घेतली. पिढ्यान्पिढ्या विहिरी खोदणारी ही मंडळी. एके दिवशी आमच्या प्लंबरची पान्यांनी भरलेली बादली त्या विहिरीत पडली. पाणी बंद राहील हे सांगायला तो दारात आला आणि भिंतीकडे पाहून त्याचा चेहरा उजळला.

'पाताळ गरडी अल्वा सार, इदु?' म्हणजे, विहिरीत पडलेली भांडी काढायचा गळ ना हा?

त्याने इतिहास खिळ्यावरून उतरवला आणि खाली नेला. मी मागोमाग. कडीला दोर बांधला, गळ तळाशी सोडला आणि तो डोळे मिटल्यासारखा हळूहळू ढवळू लागला. तेव्हा कुठे मला रचना कळली. आकडे सैल असतात, कारण घागर तळाशी कशीही कलंडलेली असो, एखादा तरी आकडा फिरून तिच्या काठाखाली किंवा कडीत शिरायला हवा. तटाला लावायचे आकडे असे लोंबते ठेवले, तर मावळा वर जाण्याऐवजी थेट खंदकात जाईल. टोकं बोथट, कारण तांब्याच्या घागरीला भोक पडून कसं चालेल? आणि कडी झिजली होती ती वर्षानुवर्षं दोर घासून. या शहराला मोठी नदी नाही. 1896 च्या सुमारास हेसरघट्टाचं पाणी नळाने येईपर्यंत सगळा कारभार तळी आणि विहिरींवर. 1974 साली तर शंभर किलोमीटरवरून कावेरी आली. मग विहिरी बुजल्या आणि गळ भंगारात गेले.

पहिल्यांदा एक प्लास्टिकचा मग आला, मग बादली. पान्यांसकट. मी वाकून वाकून पाहत होतो, तेवढ्यात खिशातून मोबाईल सुटला आणि डुबुक!

'काढ, काढ!' मी ओरडलो.

प्लंबर शांतपणे म्हणाला, 'मोबाईलला कान नाही, सार. गळ अडकणार कशात?'

गळ आता चौकीदाराच्या खोलीत असतो. प्लंबरच्या आजीच्या घरी असा गळ होता. ती शेजाऱ्यांना तो उसना देताना बदल्यात एक भांडं ठेवून घ्यायची. नाहीतर गळ परत येत नसे. आम्हीही तोच नियम केला आहे. तेव्हा मल्लेश्वरम भागात कुणाचं काही विहिरीत पडलं असेल, तर खुशाल घेऊन जा. फक्त येताना एक भांडं आणा. स्टीलचं चालेल, नॉनस्टिक नको.