विमानकाकांचा काटा

चिकलठाण्यात विमानतळाजवळ घर आणि खेळण्यातली विमानं उडवायचा नाद, म्हणजे मधुमेह्यानं मिठाईच्या दुकानावर बिऱ्हाड केल्यासारखं. आमच्या कॉलनीतले विमानकाका एमआयडीसीतून फिटर म्हणून रिटायर झाले. माळ्यावर बाल्सा लाकडाची नि थर्माकोलची सात विमानं. डोक्यावरून मुंबईचं विमान जातं, काकांचं एकही उडत नाही. गच्चीच लाल झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला बंदी!

25 ऑगस्ट 2021 ला नवे ड्रोन नियम आले. भरायचे अर्ज 25 होते ते 5 झाले म्हणून लोक खूश. काकांनी झेरॉक्सवाल्याकडून नियमांना स्पायरल बाइंडिंग करून आणलं. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरात परवानगीशिवाय 200 फूट उंचीपर्यंत उडवता येतं, त्यापुढे 400. म्हणून दर रविवारी स्कूटरवर, पंख काखेत धरून, जालना रोडनं करमाडच्या पुढचा माळ. तिथं पोचल्यावर आठवतं की बॅटरी चार्जिंगलाच राहिली.

250 ग्रॅमपर्यंतचं ड्रोन ‘नॅनो’, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, हे वाचल्यापासून काकूंचा भाजीचा काटा काकांच्या टेबलावर मुक्कामाला. पेरू दिसला की, “वजन किती भरू लागलं? दोनशे चाळीस? नॅनो!” जावयाचा मोबाइलही तोलून झाला. छंदाचं विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं, हा नियम वाचून त्यांनी चार वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यात उरकलं. काकू म्हणाल्या, “अहो, मी सांगून थकले, सरकारचं बरं ऐकलं!”

2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गावोगाव रात्री ड्रोन दिसल्याची बोंब होती. एका रात्री कॉलनीतली पोरं काठ्या घेऊन काकांच्या दारात. “काका, तुमचंच असंल!” काकांना आधी रागच आला. “रात्री? लाल झोनमधी? मी?” मग त्यांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि आभाळातल्या विमानाचा लुकलुकणारा दिवा दाखवून, डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा, असा विमानांच्या दिव्यांचा पाऊण तास तास घेतला. पोरं जांभया देत, काठ्या तिथंच विसरून गेली. त्यातल्या दोन आता टोमॅटोच्या रोपांना आहेत.

करमाडच्या पुढं माळावर रविवारी टोपीवाले काका दिसले तर खुशाल थांबा, रिमोटसुद्धा हातात देतील. फक्त डबा उघडू नका, पोळीचं वजन करतील.