पिवळा ठिपका

"काय गं, आज घरूनच ऑफिस वाटतं? सकाळपासून टिंगटिंग चाललंय तुझ्याकडे."

"टीम्स हो काकू! कोण जागेवर आहे, कोण नाही, सगळं दिसतं त्यात. पाचेक मिनिटं माऊसला हात लागला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. मघाशी दूधवाल्याचा हिशोब करत होते, तेवढ्यात झाले पिवळी!"

"अगंबाई! आमच्या झेडपीत खुर्चीवर पिशवी दिसली की माणूस जागेवर. मग तो टपरीवर का असेना."

काकू आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेल्या. कागद कुठे अडतो, हे त्यांना शिकवायला जाऊ नये.

"आणि ऐकलंत का, माझ्या जावेकडे टीम्ससारखंच ते स्लॅक आहे ना, ते चक्क एका खेळातून निघालंय. स्ट्यूअर्ट बटरफील्ड म्हणून एक कॅनडाचा माणूस. त्याच्या कंपनीनं 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन खेळ काढला होता. माणसं वेगवेगळ्या शहरांत बसलेली, म्हणून आपापसात बोलायची सोय त्यांनी स्वतःपुरती करून घेतली. २०१२ मध्ये खेळ गुंडाळला आणि ती सोयच विकायला काढली. २०२१ मध्ये सेल्सफोर्स नावाच्या कंपनीनं सत्तावीस अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतली!"

"आपले किती गं?"

"दोन लाख कोटींच्या घरात."

"अरे देवा! मग कामं तरी पटापट होत असतील?"

"कुठली हो! साहेबांना मीटिंग घ्यायची असली की आमची कॅलेंडरं उघडायची आणि मोकळी जागा दिसली की ठोकायची मीटिंग. पण कॅलेंडर भरत बसायचं कुणी? आम्ही! एमबीएला होतं आम्हाला. जोनाथन ग्रुडिन नावाच्या अभ्यासकानं १९८८ मध्येच लिहून ठेवलंय, तेही मीटिंग ठरवण्याचंच उदाहरण घेऊन. राबायचं एकानं आणि सोय दुसऱ्याची, म्हणून असली सॉफ्टवेअरं ऑफिसात रुजत नाहीत."

"पण नोंदी मीही करायचे की गं. दिवसभर आवक नोंदवही खरडायची. फरक एवढाच, की पत्र कुठल्या टेबलावर अडलंय हे विचारायला साहेबांना माझ्याकडे यावं लागायचं. बाई, जरा बघता का, म्हणायचे! तुझ्या साहेबाला सगळं बसल्याजागी दिसतं, तो तुला कशाला विचारेल?"

"म्हणून मीही आता तीन ते चार 'रिव्ह्यू' असं खोटंच भरून ठेवते. कुणी फिरकत नाही त्या तासात."

"आणि करतेस काय?"

"काम! नाहीतर कधी करू?"

"सांगू का, आमच्याकडे सभेचं इतिवृत्त लिहायचं काम गळ्यात पडेल म्हणून निम्मे लोक सभेचं नावच काढत नसत. तुमच्याकडेही ज्यानं मीटिंग बोलवली त्यानंच ते लिहायचं, असा नियम करा. निम्म्या मीटिंगा आपोआप बंद होतील."