'ब्ल्यू मंडे'चा ठोका सरळ करणाऱ्या संकलकास खुले पत्र

संकलक महाशय,

'सप्रेम नमस्कार' लिहावा इतकं प्रेम तुमचा अल्बम ऐकल्यावर उरलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

ऐंशीच्या दशकातली न्यू वेव्हची गाणी आजच्या पिढीला नाचता यावीत म्हणून तुम्ही ती नव्याने केलीत, असा तुमचा दावा आहे. मग गेली चाळीस वर्षं लोक या गाण्यांवर काय हाताची घडी घालून बसले होते? न्यू ऑर्डरचं 'ब्ल्यू मंडे' 1983 साली 12 इंची सिंगल म्हणून आलं, ते नाचण्यासाठीच. मोठ्या तबकडीवर खाचा ऐसपैस कोरता येतात, म्हणून ठोका आणि बास छातीत वाजतात. साडेसात मिनिटांच्या या गाण्यात बर्नार्ड समनरचा आवाज दोन मिनिटं उलटल्यावर येतो. तोवर ड्रम मशीन, सिंथ आणि पीटर हुकचा बास एकेक करून आपली जागा घेतात. तुम्ही पंधराव्या सेकंदालाच गायकाला आणून उभं केलंत.

याच गाण्यात सिक्वेन्सरमध्ये सूर भरताना बँडमधल्या गिलियन गिल्बर्टकडून एक सूर राहून गेला. त्यामुळे सिंथची धून ठोक्यापासून किंचित निसटून चालते. ती चूक तशीच राहिली, आणि त्या निसटण्यातच गाण्याची अस्वस्थता आहे. तुम्ही ती संगणकावर रेषेत आणून बसवलीत. दुरुस्ती केलीत खरी, पण नेमका जीव होता तिथेच!

आता तुमचा लाडका आकडा: मिनिटाला 128 ठोके. झाडून सगळी गाणी त्याच मापात. सॉफ्ट सेलचं 1981 मधलं 'टेन्टेड लव्ह' मुळात साधारण 144 ने धावतं. म्हणजे नाचाला वेग देण्याच्या नावाखाली तुम्ही होता तो वेगही काढून घेतलात. त्या गाण्यात वाद्यं मोजकीच आहेत. दोन ठोक्यांच्या मधे जी रिकामी जागा राहते, तिच्यात मार्क आल्मंडचा आवाज एकटा पडतो. ती जागा तुम्ही टाळ्या, फुगणारे सिंथ आणि सायरन कोंबून बुजवलीत. युरिथमिक्सच्या 'स्वीट ड्रीम्स'मध्ये पाणी भरलेल्या दुधाच्या बाटल्या वाजवल्या आहेत. तुमच्या गोंगाटात त्या सापडत नाहीत.

जुन्या गाण्याला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. 'टेन्टेड लव्ह' हीसुद्धा नवी आवृत्तीच. साठच्या दशकात ते ग्लोरिया जोन्सने गायलं होतं. सॉफ्ट सेलने त्या गाण्यातलं नेमकं काय ठेवायचं ते ओळखलं आणि बाकीचं टाकून दिलं. आणि रीमिक्स हा तर न्यू वेव्हच्या घरचाच उद्योग. ह्यूमन लीगचा 'डेअर' 1981 मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याचे निर्माते मार्टिन रशंट यांनी तीच गाणी मोडून 'लव्ह अँड डान्सिंग' हा रीमिक्स अल्बम घडवला. तेव्हा संगणकावर कापाकापीची सोय नव्हती. फिती हाताने कापून जोडल्या. कुठला सूर किती लांबवायचा, कुठे आवाज काढून नुसता ठोका ठेवायचा, हा प्रत्येक निर्णय कानाने घेतलेला आहे. तुमच्या हाताशी त्यांच्या शंभरपट साधनं आहेत. कान मात्र तुम्ही वापरलेलेच नाहीत.

दुसरा भाग काढायचा तुमचा विचार दिसतो. तर त्याआधी रशंट यांचा तो अल्बम नीट ऐका. प्रत्येक गाण्याचा मूळ वेग ठेवा. जे ऐकून समजलं नाही, त्याला हात लावू नका. एवढं जमत नसेल, तर मूळ 12 इंची आवृत्त्या एकामागोमाग एक लावा आणि तसाच अल्बम विका. लोक नाचतील, आणि गाणी कोणी केली हेही त्यांना कळेल.

कळावे,
एक संतप्त श्रोता